रिकाम्या वाटीचा फोटो

आमच्या पोषण मोहिमेच्या पत्रकावर दहा नियम होते. त्यातला सातवा असा: 'वाटी रिकामी होईपर्यंत उठू नका. बाळ तोंड फिरवेल, रडेल. हट्ट बाळाचा, जबाबदारी तुमची!' उद्गारचिन्हासकट हे वाक्य माझं. ते जाड टाइपात छापायचा आग्रहही माझाच. अमरावतीपासून परतवाड्याच्या पुढच्या गावांपर्यंत मी ते वाटलं, सभांमधून मोठ्यानं वाचून दाखवलं, टाळ्या घेतल्या. आणि त्याच महिन्यांत माझी स्वतःची मुलगी घरी दुधाशिवाय एक कण पोटात जाऊ देत नव्हती.

कुणाला दया यावी म्हणून हे लिहीत नाही. दया करणारे पुष्कळ भेटले, छळलंही त्यांनीच जास्त. ज्या घरात आत्ता एक लेकरू ओठ घट्ट मिटून बसलंय आणि चार मोठी माणसं त्याच्याभोवती चमचे घेऊन उभी आहेत, त्या घरासाठी हे आहे. त्या चौघांपैकी तिघांना आधी बाहेर काढा. चौथे तुम्ही असाल तर हे वाचा आणि मग तुम्हीही बाहेर जा.

सुधारलेलं उष्टावण

मुलीचं नाव जुई. तिची आई शुभांगी चांदूर रेल्वेच्या शाळेत शिकवते. सकाळच्या गाडीनं जाते, दिवेलागणीला परत येते. माझं मोहिमेचं काम घरून चालतं, गावांचे दौरे शनिवार-रविवारी. म्हणजे दिवसभर जुई माझ्याकडे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दोष कुणावर टाकला गेला ते तुम्हाला कळायला हवं.

उष्टावण अकोल्याला झालं, जुन्या शहरात, सासुरवाडीला. आमच्याकडे पहिला घास मामानं द्यायचा असतो. शुभांगीचा भाऊ राजू पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो; त्यानं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं, नवा सदरा घातला होता, चांदीची वाटी आणली होती आणि वाटीत खीर होती. मी मात्र भाषण तयार करून गेलो होतो. पहिला घास आईबापाचा, खिरीतली साखर बाळाची शत्रू, रूढी मोडायची तर घरापासून मोडा, वगैरे. राजूच्या हातातली वाटी मी बाजूला सारली, घरून आणलेलं मुगाचं पातळ वरण जुईच्या तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातात पत्रक धरून फोटो काढून घेतला.

राजूनं खिरीची वाटी मागे घेतली. मग म्हणाला, "ठीक हाये भाऊजी. तुमी शिकलेले. पण आता ह्या पोट्टीले माया हातचा घास मी जल्मात देणार नाई."

"अरे, राग काय मानतोस," मी म्हणालो.

"राग नाई न बाप्पा. सांगून राहिलो फक्त."

त्यानं वाटी कपाटात ठेवली आणि दुकान उघडायला निघून गेला. मला तेव्हा आपण फार मोठं काम केलं असं वाटत होतं.

मोहिमेचा नमुना

सुरुवातीला जुई दोनचार चमचे खायची. दात आले, एकदा ताप आला, तेव्हापासून तिनं तोंड मिटलं. साधा बाप असता तर चार दिवस थांबला असता. मी सातवा नियम लिहिलेला माणूस.

कसं केलं ते लपवत नाही. तिचे पाय माझ्या गुडघ्यांत धरायचे. हात टॉवेलात गुंडाळायचे. समोर मोबाईल, त्यात नाचणारा हत्ती. गाल दोन बोटांनी दाबले की तोंड उघडतं, तेवढ्यात चमचा आत. ती थुंकायची, मी पुसून पुन्हा घालायचो. आधी वीस मिनिटं, मग चाळीस. शेवटी उलटी, त्यात आधीचंही सगळं बाहेर. थोड्या दिवसांनी वाटीचा नुसता आवाज आला तरी ती रांगत पलंगाखाली जायला लागली.

शुभांगीनं एकदा हे दारातून पाहिलं. खांद्यावरची पिशवीही तिनं उतरवली नव्हती.

"तू बाप हायेस का हवालदार?" ती म्हणाली.

"मग खाऊ नको घालू? उपाशी ठेवू?"

"घाबरते रे ती तुले. तुले दिसत नाई का?"

मला दिसत होतं. मी म्हणालो, "तू दिवसभर नसतेस, तुला काय माहीत." घरात बोललेल्या सगळ्यात नीच वाक्यांच्या यादीत हे बरंच वर येईल.

संध्याकाळी मग दुधाची बाटली. बाटली पाहिली की पोरगी शांत, घर शांत, आम्ही दोघं शांत. एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. दिवसाला लिटर, सव्वा लिटर. चावायचं काही नाही, पण दूध तर पितेय, या एका वाक्यावर आम्ही महिनेच्या महिने काढले.

आणि एक गोष्ट. मोहिमेत लहान मूल असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं रोज दुपारी मोबाईलवरच्या गटावर रिकाम्या वाटीचा फोटो टाकायचा असं ठरलं होतं. ही कल्पना कुणाची, ते विचारू नका. जुई खात नव्हती. फोटो मात्र रोज जायचा. तिची खिचडी मी उभ्या उभ्या ओट्यापाशी खायचो, वाटी बोटानं पुसायचो, उजेडात धरायचो आणि फोटो टाकायचो. खाली अंगठे, फुलं, 'ताईसाहेब जुई झिंदाबाद'. चार महिन्यांत माझं पोट सुटलं. मोहिमेनं एक बाळ नक्की सशक्त केलं, फक्त ते बत्तीस वर्षांचं होतं.

सल्ले

लेकरू खात नाही हे कळलं की शहाण्यांना ऊत येतो. मी त्यांची खानेसुमारी करू शकेन. एक, दृष्टवाले: मीठ-मोहऱ्या घेऊन येतात, घर धुरानं भरतात, चहा पिऊन जातात. दोन, 'आमचा बघा'वाले: यांचं कार्टं चार पोळ्या खातं आणि तेवढीच एक गोष्ट त्याला येते. तीन, मोबाईलमधली गोरीगोमटी बाई, जिचं बाळ कॅमेरा चालू झाला की ब्रोकोली मागतं. आमच्या अमरावतीच्या इतवारा बाजारात ब्रोकोली मागून पाहा, भाजीवाली तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल. चार, भुकेचं गोड सिरप लिहून देणारा डॉक्टर, ज्यानं पोरीला हात न लावता, आलेला फोन न ठेवता चिठ्ठी फाडली.

सगळ्यात वरचा वर्ग पाचवा. "माय नोकरी करते न? मंग!" त्या 'मंग'पुढे काही नसतं. वाक्य तिथेच संपतं आणि बाई तिथेच दोषी ठरते. शेजारीण म्हणाली, माझी मावशी म्हणाली, शुभांगीच्या शाळेतले गुरुजी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता म्हणाले. दिवसभर पोरीच्या तोंडात चमचा कोंबणारा मी होतो, आणि हिशोब मागितला जात होता गाडीनं चांदूरला जाणाऱ्या बाईकडे.

मी स्त्रियांच्या प्रश्नावर तीन पत्रकं लिहिली आहेत. त्या वेळी मी गप्प बसलो. दोष तिच्यावर जात होता तोवर माझ्यावर येत नव्हता, एवढं साधं कारण होतं.

पत्रक खाणारी

जुई सतरा महिन्यांची असताना तिनं पहिल्यांदा आपणहून काहीतरी तोंडात घातलं. ते माझं पत्रक होतं.

बैठकीत गठ्ठे पडलेले असायचे. ती कोपरा फाडायची आणि गालात धरून सावकाश चघळायची. हाकललं तर भिंतीजवळ जाऊन चुन्याचा पोपडा काढायची. घरी हसून हसून पुरेवाट. मी व्हिडिओ काढला आणि गटावर टाकला: 'कार्यकर्त्याची पोरगी!' त्याला कधी नव्हे एवढे अंगठे आले. पोषणावर काम करणारी चाळीस माणसं होती त्या गटात. एकालाही काही वाटलं नाही. मलाही नाही.

सर्दीसाठी म्हणून तिला अमरावतीच्याच एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी गंमत म्हणून सांगितलं, "मॅडम, भात थुंकते, पण माझी पत्रकं आवडीनं खाते."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी जुईची खालची पापणी ओढून पाहिली. मग तळहात. मग नखं.

"भिंत चाटते?"

"हो... कधीकधी."

"दूध किती?"

"सव्वा लिटर," मी म्हणालो. त्यात थोडा अभिमान होता, आता आठवलं की कानशिलं तापतात.

"दुधावर जगतेय ही. पोट भरलेलं आहे, अंगात रक्त नाही. माती, कागद, चुना खाणं ही मस्ती नसते हो. लोह कमी पडलेली पुष्कळ लेकरं असंच करतात." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "आधी रक्त तपासा. परस्पर घरी जायचं नाही, इथेच परत यायचं."

हिमोग्लोबिन साडेपाच निघालं, हवं अकराच्या वर. त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "आत्ताच भरती करा. रक्त द्यावं लागेल."

शुभांगीला फोन केला. ती वर्गात होती. मागून पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. मी सांगितलं. पाढे चालूच राहिले. मग म्हणाली, "गाडी साडेतीनची हाये," आणि फोन ठेवला. ती त्या गाडीनं आली नाही. मालवाहू टेम्पोत बसून आली.

भरतीसाठी निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पत्रक आहे का जवळ? बघू." माझ्या झोळीत असायचंच. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि सातव्या नियमावर बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मोहिमेनं," मी म्हणालो.

वॉर्ड

लहान मुलांच्या वॉर्डात सहा वाजता वजन. मग औषधं. मग डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळ्या आया उभ्या राहतात आणि एकही बाप उभा राहत नाही, कारण बाप बाहेर चहाच्या टपरीवर असतात. मी वॉर्डात राहिलो म्हणून माझं फार कौतुक झालं. तेच काम करणाऱ्या अकरा बायांचं कुणीही केलं नाही.

जुईची शीर सापडेना. हात झाला, दुसरा हात झाला, शेवटी पायाची सापडली. सुई हलू नये म्हणून पायाला पुठ्ठ्याची पट्टी बांधली. रक्ताची पिशवी तळहाताएवढी होती. थेंब इतक्या सावकाश पडत होते की मला वाटलं बंद पडलंय; मी तीनदा सिस्टरला बोलावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दादा, सावकाशच द्यायचं असते. तुमी असे पाहत राहाल न, तर ते लाजून थांबेल." भरती झाल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. हीच सिस्टर जुईला हात लावायच्या आधी आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

समोरच्या खाटेवर एका तान्ह्या बाळाच्या नाकात नळी होती, गालाला पांढऱ्या पट्टीनं चिकटवलेली. दूध सिरिंजमधून वर धरायचं आणि नळीतून आत. बाळ झोपेत नळी ओढायचं म्हणून हातात मोजे बांधले होते. त्याच्या आईनं ते सगळं मन लावून केलं, बाळ वाचत होतं. पण मी तिकडे पाठ करून बसायचो.

शेजारच्या खाटेवर परतवाड्याच्या पुढच्या गावची सुमनताई. तिची चार वर्षांची पोरगी निमोनियातून उठत होती. पहिला दिवसभर ती माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, तुमी आमच्या गावात आले होते न? देवळापाशी सभा घेतली. मले उभं केलं होतं."

मला आठवलं. तिनं विचारलं होतं, लेकरू नाईच म्हणत असलं त काय करावं? आणि मी तिला उभं करून सातवा नियम सगळ्यांसमोर दोनदा वाचायला लावला होता. "त्या तुम्ही?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "मंग, झाली का तुमची वाटी रिकामी?"

ती कुत्सितपणे बोलली नाही, खरंच विचारत होती. तिची पोरगी जमिनीवर बसून भाकर आणि पातळ वरण खात होती, नाकातोंडाला फासून. सुमनताई तिच्याकडे बघतही नव्हती. ती पोरीचे धुतलेले कपडे खिडकीला बांधत होती.

"तुम्ही भरवत नाही?" मी विचारलं.

"भरवू कायले? तिचं तोंड तिले माईत हाये न."

घरी जाताना डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. रक्तानं आजचं भागलं. आता दूध दिवसाला दोन कप, लोहाचे थेंब रोज, आणि खाणं. सहा आठवडे बघू. वजन चढलं नाही तर नाकातून नळी. "अकोल्याला एक बाई आहेत, लेकरांना खायला शिकवतात. तिकडे जा. आणि तुमचे नियम इथे ठेवून जा."

चमचा माझ्या तोंडात

त्या बाई म्हणजे शाहीन मॅडम. जुन्या शहरातच, सासुरवाडीपासून दोन गल्ल्या पलीकडे, वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानावर त्यांची खोली. मी जुईला मांडीवर घेऊन समोर बसलो आणि आजाराची माहिती द्यायला लागलो. मुद्देसूद. त्यांनी मध्येच थांबवलं.

"घरी कसं भरवता, दाखवा."

मी वाटी मागितली.

"तिला नाही. मी तुम्हाला भरवते. बेटीला खाली बसवा."

त्यांनी माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, हात टॉवेलाच्या आत. हनुवटी पकडली. समोर मोबाईल धरला. मला हसू येत होतं तोवर थंड सांज्याचा मोठा चमचा आत आला. गिळतोय न गिळतोय तोच दुसरा. मी मान फिरवली. त्यांनी हनुवटी धरून सरळ केली. तिसरा चमचा टाळूला लागला आणि मला ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं.

"अजून पाऊण वाटी बाकी आहे भाईजान," त्या म्हणाल्या. "वाटी रिकामी करायची ना?"

जुई खाली बसून हे सगळं बघत होती. ती हसली नाही. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं, आणि एवढंच मी इथे देतो, बाकी आपापल्या डॉक्टरांना विचारा. तुमचं जेवण तुम्ही जेवा. तिच्यासमोर थोडं मऊ काहीतरी ठेवा. 'खा' म्हणायचं नाही. खाल्लं तर टाळ्या नाहीत, नाही खाल्लं तर तोंड पाडायचं नाही. मोबाईल नाही. घशात अडकेल असं काही समोर ठेवायचं नाही, आणि नजर ठेवायची ती तेवढ्यापुरती. "आणि मुंडी फिरवली की बात खतम. कुणाचीही मुंडी असो."

जवायाचा मुक्काम

मी जुईला घेऊन सहा आठवडे सासुरवाडीत राहिलो. शुभांगी शुक्रवारी संध्याकाळी यायची. जावई सासुरवाडीत राहतो म्हटल्यावर गल्लीनं जे चेहरे केले, ते मी माझ्या चांगल्या दिवसांत एका पत्रकात वापरले असते.

'खा' न म्हणणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या घरात राहून बघा. इथे पोस्टमनला दोन घास खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत. सासूबाई दोन दिवस तोंडाला पदर लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात गेलो तर त्या जुईला बाटली पाजत होत्या.

"आई, हे काय?"

"जवाई, काय बोलायचं ते बोला," त्या रडायलाच लागल्या. "डोयासमोर लेकरू उपाशी राहते. तुमी पुस्तकं वाचून दगड झाले. मी नाई झाली."

मलाही बाटली द्यावीशी वाटत होती. आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो, आणि जुईनं बाटली संपवली. वर सासूबाईंनी निदानही केलं: "मामाचा घास तुमी हिसकला. तो रुसला, पोरगी रुसली." मी मनात म्हटलं, वा. रक्त साडेपाच आणि कारण काय, तर चांदीची वाटी.

दहा दिवस गेले. वजन तेवढंच. जुई समोरच्या भाताला बोटसुद्धा लावेना. आम्ही तिच्याकडे बघत नव्हतो म्हणजे काय, तर डोळ्यांच्या कोपऱ्यांनी बघत होतो. मी वरण भुरकत होतो आणि माझा सगळा जीव तिच्या हातावर. लेकरांना हे कळतं. त्या घरात तिच्याकडे खरोखर न बघणारा माणूस एकच होता: राजू.

राजू दुपारी दुकानातून जेवायला यायचा. माझ्याशी बोलायचा नाही. आमच्याकडे पाठ करून भिंतीशी मांडी घालून बसायचा, भाकर कुस्करायचा, वांग्याच्या भाजीचा रस्सा ओतायचा आणि दहा मिनिटांत उठायचा. जुईकडे तो बघायचाही नाही, घास द्यायचा तर प्रश्नच नव्हता. शब्द दिला होता त्यानं.

अकराव्या दिवशी जुई उठली. भिंत धरत, मग भिंत सोडून, राजूच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावर एक हात टेकला. दुसरा हात त्याच्या ताटात घातला, रश्शात भिजलेली भाकर मुठीत घेतली आणि ती मूठ तोंडात घातली.

सासूबाई तांब्या घेऊन येत होत्या, त्या होत्या तिथे थांबल्या. मी घास चावायचा थांबलो. जुईनं चावलं. तोंड वाकडं केलं. गिळलं. पुन्हा ताटात हात.

राजूचा हात हवेत तसाच होता. त्यानं मान न वळवता, अगदी हळू आवाजात मला म्हटलं, "भाऊजी, मी देल्ली नाई बरं. तिनं घेतली."

एक वर्षानंतर तो माझ्याशी बोलला ते हे.

"जेव तू," मी म्हणालो. "थांबू नको. बघू नको तिच्याकडे."

तो जेवत राहिला. डोळे पुसत होता. भाजी तिखट झाली म्हणाला. तीच भाजी मी नंतर चाखली, तिखट बिलकूल नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून राजूचं ताट मोठं झालं आणि त्याच्यापुरतं तिखट वेगळं आलं. तो तसाच पाठ करून बसायचा, ती तशीच मागून यायची. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं: मामाचा घास लागला! सासूबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या. तो घास मामानं दिलेला नव्हता, हाच त्यातला सगळा मुद्दा, पण ऐकतो कोण. मी वाद घातला नाही. माझ्या आयुष्यात मी न घातलेला हा पहिला वाद.

वजनकाटा

सहा आठवड्यांनी अमरावतीला तोच काटा. शुभांगीनं रजा घेतली होती. जुईला काट्यावर बसवलं आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो, जणू तो पहिल्यांदाच वाचतोय.

"चढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं, पण चढलंय. रक्तही टिकलंय, वाढतंय. नळी नको." मग थेंब अजून काही महिने चालू ठेवा, दात काळे दिसले तर घाबरू नका, वगैरे. शुभांगीनं ते सगळं वहीत लिहून घेतलं. मला फक्त 'नको' एवढंच ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "मॅडम, तो सातवा नियम मी लिहिला होता."

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मोहिमेचे कान असे लाल होत नाहीत."

शुभांगीला नंतर मी जिन्यावर म्हणालो की तिला दोष देत होते तेव्हा मी गप्प बसलो. ती म्हणाली, "माईत हाये." माफ केलं असं म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

मोहिमेच्या बैठकीत मी सांगितलं, हे पत्रक मागे घ्या. अध्यक्ष म्हणाले, साठा संपू द्या, पुढच्या वेळी दुरुस्त करू. मी चार महिन्यांचे वाट्यांचे फोटो दाखवले आणि खिचडी कुणी खाल्ली ते सांगितलं. मग कुणीतरी म्हणालं, यानं मोहिमेची बदनामी होईल. पोरं आजारी पडली तर होत नाही. सांगितलं तर होते. त्याच संध्याकाळी मला गटातून काढलं. बरं झालं. सुमनताईच्या गावी मी एकटाच जाऊन आलो, देवळापाशी उभा राहिलो आणि सातवा नियम चूक होता, माझी चूक होती, असं मोठ्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. सुमनताई म्हणाली, "बसा, चहा घ्या."

जुई आता दोन वर्षांची होईल. सगळं खाते असं नाही. दही तिला चालत नाही, भात दिसला की ती अजूनही ताट सरकवते. पत्रकं मात्र खात नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिघं जेवत होतो. माझं झालं होतं, मी नुसता बसलो होतो. जुईनं आपल्या ताटातली ओली भाकर मुठीत दाबली आणि ती मूठ माझ्या तोंडाशी आणली. पोट भरलेलं, मी विचार न करता मान फिरवली.

तिचा हात माझ्या गालाशी तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मला तो टॉवेल आठवला, गाल दाबणारी माझी दोन बोटं आठवली. आता ही लावेल जोर, असं वाटलं. लावायला हवा होता, मी तिला तेच दाखवलं होतं.

तिनं हात मागे घेतला आणि भाकर स्वतः खाल्ली.